सोपाऱ्याचा खांब

घोडबंदर कधी गेलं, ठाणं कधी मागे पडलं, पनवेलला देवळात झोपलो की मंगल कार्यालयात, आता नीट सांगता येणार नाही. वसई खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यातून पालखी निघते ती चैत्र सप्तमीच्या बेताने कार्ल्याला एकवीरा आईपाशी पोचते. बाबा गेल्यानंतरची ही पहिलीच पदयात्रा. पालखीच्या पुढच्या उजव्या दांडीला त्यांचा खांदा असायचा. यंदा तिथे चुलतभाऊ होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी मागे बायकांबरोबर चालत होते.

खोपोलीच्या अलीकडे, भर दुपारी, डावी टाच गेली. सकाळपासून चुरचुरत होतीच, पण एका पावलाला आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मोजा ओला लागला. डांबर तापलेलं. शेजारून एका मंडळाचा टेम्पो चाललेला, त्यावरच्या भोंग्यांनी छातीत धडधड होत होती. त्या आवाजात कुणी ‘आई माऊलीचा’ म्हटलं तर ‘उदो’ म्हणायलाही ऐकू येत नव्हतं. संताप आला. देवीच्या वाटेवर देवीचंच नाव ऐकू येऊ नये, याचा मला खरोखर राग येतो. पालखी पुढे गेली आणि मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

समोरच्या वस्तीत निळे झेंडे लागले होते. जयंती तोंडावर आलेली. एका घराच्या ओट्यावरून एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने ती स्वतःच उठून आली. ‘फुटली का? चल, उन्हात नको बसू.’ हाताला धरून तिने मला घरात नेलं. घमेल्यात पाणी घेतलं आणि माझा पाय स्वतःच्या हाताने धुतला. मी पाय ओढून घेत होते, तिने घोटा घट्ट धरून ठेवला. टाचेवरची फोड फुटलेली होती, पण चवड्याखाली आणखी एक टम्म फुगलेली होती, ती मला कळलीच नव्हती. तिने सुई गॅसवर तापवली, दोरा ओवला, एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी त्या दोऱ्यावरून झिरपत राहतं, कातडं शाबूत राहतं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. मग लिंबाचं सरबत, मीठ जरा जास्तच घातलेलं, आणि तेच हवं होतं.

समोर फळीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती होती. मूर्तीचे दोन्ही हात छातीपाशी, बोटं एकमेकांना लागलेली. मी विचारलं, ‘मावशी, हे हात असे का?’

‘सारनाथला पाच जणांना पहिल्यांदा धम्म सांगितला ना, तेव्हाचे हात. चाक फिरवलं त्याने.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कार्ल्याला चाललीस. लेण्यात जातेस का, की नुसती देवीच्या रांगेत उभी राहून परत?’

मी म्हटलं, बाबा कधीतरी आत न्यायचे, लहान असताना. ती उठली, दारातल्या चाफ्याची चार-पाच पांढरी फुलं तोडून ओल्या रुमालात बांधून दिली. ‘स्तूपापाशी ठेव माझ्याकडून. उजवा हात स्तूपाकडे ठेवून फेरी घाल.’ मी म्हटलं, पोचेपर्यंत सुकतील. ‘सुकू देत की. फूल वाहताना आम्ही तेच म्हणतो. हे फूल कोमेजतं, तसा हा देहसुद्धा जायचा.’

बाबा गेल्यापासून लोकांनी मला पुष्कळ काही सांगितलं होतं. हे एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं. त्या परक्या घरात मी रडले. मावशी काही बोलली नाही, रिकामा पेला उचलून आत गेली.

बोरघाट, खंडाळा, लोणावळा. पाय दुखत होता, पण चालत होता.

वेहेरगावच्या पायऱ्यांवर ही गर्दी. वर मंडपात रांग कासवापेक्षाही सावकाश, पुढे घुसणाऱ्यांशी भांडणं, नारळांचा ओला वास. देवीचं देऊळ चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या मोठ्या लेण्याच्या, अगदी तोंडाशी आहे. डाव्या हाताला चार सिंहांचा दगडी स्तंभ उभा आहे. दरवर्षी हजारो माणसं त्याला टेकून बसतात. काकांना रांगेत जागा धरून ठेवणारा पुतण्या मिळाला, तेव्हा मी त्यांना हाताला धरून आत नेलं. इतकी वर्षं येतात, आत पाऊल टाकलं नव्हतं.

ओसरीतच त्यांनी थांबून बुद्धाची मूर्ती दाखवली. मावशीच्या फळीवर होते तसेच हात. मी सांगितलं, ह्या मूर्ती मागाहून, काही शतकांनी कोरल्या. मूळ लेणं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं, आणि त्यात बुद्ध कुठेच कोरलेला नाही. ‘मग लोक हात कुणाला जोडायचे?’ काकांचा प्रश्न बरोबरच होता.

स्तूपाला. खाली गोल चौथरा, त्यावर कठड्याची नक्षी, वर घुमट. घुमट म्हणजे अस्थी जपणारी जागा. त्याच्यावर चौकोनी हर्मिका, पवित्र झाडाभोवती घालतात तसं कुंपण. आणि सगळ्यात वर लाकडाचं छत्र, तेव्हाचंच, राजाच्या डोक्यावर धरतात ते. माणूस दाखवलेला नाही, पण त्याच्यावर धरलेलं छत्र आहे. छताच्या लाकडी कमानीही तेव्हाच्याच. उजव्या ओळीतल्या एका खांबावर छोटा स्तूप, शेजारी चक्र आणि चक्राखाली हरणं कोरलेली आहेत. हरणं दिसली की सारनाथचं मृगवन समजायचं. बोलणारा दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. जो गेला त्याचा चेहरा करायचा नाही, त्याचं आसन, त्याची पावलं, त्याचं छत्र ठेवायचं, ही रीत मला फार मोठी वाटते. पालखीची उजवी दांडी डोळ्यांपुढे आली. ह्या वेळी बघवलं.

फुलं काळवंडली होती. खाली चौथऱ्याशी ठेवली, फेरी घातली. पश्चिमेच्या मोठ्या कमानीतून उतरतं ऊन थेट आत येत होतं आणि बाहेर ढोल वाजत होते. ह्या वेळी ढोलांचा राग आला नाही.

मग डाव्या ओळीतला तो खांब. त्यावर कमळ आहे, कमळाच्या मध्यभागी खाच आहे आणि ब्राह्मीत लेख आहे: सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे सूत्रं मुखपाठ म्हणणाऱ्याने, हा खांब दिला, अस्थींसह. ह्या लेण्यातल्या लेखांत वैजयंतीचा सेठ भूतपाल आहे, धेनुकाकटाचा सुतार आहे, गंधी आहे, यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक आहेत. पण मला त्या सगळ्यांत हा आमच्या वसईशेजारच्या सोपाऱ्याचा माणूस जवळचा.

‘सोपारा? आपला सोपारा?’ काकांनी दोन्ही तळवे खांबाला लावले. ‘म्हंजे तो पण घाट चढूनच आला असंल.’

मी त्यांना सांगितलं की सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणून टेकाड आहे, लहानपणी आपण तिथून जायचो, तोही स्तूपच. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत करंडा सापडला, त्यात भिक्षापात्राचे तुकडे. काका बराच वेळ खांबाजवळून हलले नाहीत. मग दाराशी जाऊन वाड्यातल्या बायकांना हाका मारू लागले, ‘या गो, आपल्या सोपाऱ्याच्या माणसाचा खांब बघा!’ सात-आठ जणी आल्या, लेकरांनी कमळाच्या खाचेत बोट घालून पाहिलं. रखवालदाराने दटावलं.

आईचं दर्शन क्षणभरच झालं, पण पोटभर झालं. पायऱ्या उतरताना काकांनी ठरवून टाकलं: पुढच्या चैत्रात पालखी उचलण्याआधी आधी सोपाऱ्याच्या कोटावर जायचं, चाफा घेऊन. आणि खोपोलीच्या त्या घरी पालखी पाच मिनिटं थांबवायची.