दार उघडलं म्हणजे प्रभूची इच्छा कळली का?

सोलापुरातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निकाल लागले की एक प्रार्थना-विनंती हमखास येते. मुलाला किंवा मुलीला पुण्यात नोकरी मिळते आहे, जावं की नको, प्रभूची इच्छा कळावी. पुढच्या रविवारी साक्ष होते, ‘दार उघडलं, म्हणजे प्रभूचीच इच्छा.’ सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि विचार तिथेच थांबतो.

देवाने निनवेला पाठवलेला संदेष्टा योना उलट दिशेला जायला यापोला उतरला तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज बंदरात उभं होतं. भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. सगळं जुळून आलं होतं, आणि तो देवापासूनच पळत होता. उलट प्रेषित पौलाचं पाहा. त्रोवसात प्रभूने दार उघडलं होतं असं तो स्वतःच लिहितो, पण त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून जिवाला चैन पडेना आणि तो मासेदोनियाला निघून गेला (२ करिंथ २:१२-१३). आपण चुकलो, असं तो कुठेही म्हणत नाही. इफिसात मोठं दार उघडलं आणि विरोधकही पुष्कळ होते, तिथे मात्र तो राहिला. उघडं दार म्हणजे संधी. ती घ्यायची की सोडायची, हा निर्णय त्यानंतरही आपल्यालाच करावा लागतो.

‘मनाला शांती आहे’ या वाक्याचंही तेच. वादळात जहाजाच्या तळाशी योना गाढ झोपला होता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. दोघांपैकी पित्याच्या इच्छेत कोण होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, हे कलस्सै ३:१५ एका शरीरात एकमेकांशी कसं वागायचं त्याबद्दल आहे, नोकरीचा होकार-नकार मोजण्यासाठी नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षासाठी चिठ्ठीसारख्या काढलेल्या बायबल-वचनाच्या कार्डाबद्दल थोडं सावध बोलतो, कारण अनेकांना ते वर्षभर आधार देतं. तुमच्या हिताचे, आशा देणारे संकल्प माझ्याजवळ आहेत, असं देव सांगतो ते यिर्मया २९:११ आलं की वाटतं, यंदा काम होणार. पण ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि आधीच्याच ओवीत ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. पुण्याला जाणाऱ्याने त्याच पत्रातली सातवी ओवी वाचावी. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. ही आज्ञा उद्यापासून पाळता येते.

खूण मागण्याबद्दल. इस्राएलाला सोडवायला देवाने निवडलेल्या गिदोनाने, दव लोकरीवरच पडतं का ही खूण पाहायला, रात्री लोकर बाहेर ठेवली तेव्हा काय करायचं ते त्याला आधीच सांगितलेलं होतं (शास्ते ६:१४-१६). लोकर ही त्याच्या धास्तीची गोष्ट आहे, म्हणून तर दुसऱ्यांदा मागताना तो ‘राग येऊ देऊ नकोस’ अशी विनवणी करतो. ‘रात्री दहाच्या आत फोन आला तर होकार’ या खुणेत मोठी चूक ही की फोनच्या वेळेचा आणि त्या नोकरीचा काही संबंधच नसतो. मालकाच्या मुलासाठी वधू शोधायला निघालेल्या अब्राहामाच्या सेवकाने विहिरीवर मागितलेली खूण वेगळी होती: जी मुलगी मला पाणी देऊन उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच. त्याच्याकडे दहा उंट होते. तहानलेला उंट एका वेळी शंभरेक लिटर पाणी पिऊ शकतो. अनोळखी माणसाच्या उंटांसाठी घागरीने एवढं पाणी ओढणारी मुलगी म्हणजे तिचा स्वभावच समोर आला. तरी तो गप्प उभा राहून पाहत राहिला, मग घरच्यांना सगळं सांगितलं, आणि शेवटी रिबकेला विचारलं गेलं, ‘तू जातेस का?’ स्थळ पाहताना हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे अजूनही विसरला जातो. ‘प्रभूने आम्हाला हेच स्थळ दाखवलं’ असं आईवडिलांनी म्हटल्यावर मुलगी बोलणार काय?

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आधी जे सांगून झालेलं आहे ते बाजूला काढा. बायोडाटात खोटा अनुभव लिहावा का, हुंडा घ्यावा का, यासाठी प्रार्थना करायची गरज नाही. उत्तर आलेलं आहे. उरलेला प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा. ‘पुण्याला जावं का?’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘एक तारखेपासून ही नोकरी घ्यावी, की अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आत्ताचं काम चालू ठेवून संध्याकाळचा कोर्स पुरा करावा?’ असं लिहिलं की दोन खरे पर्याय समोर येतात.

मग हिशेब. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, हे लूक १४:२८ मध्ये येशूनेच म्हटलं आहे. समजा हातात २४,००० पडणार. खोलीतली कॉट ८,०००, मेस ४,०००, बस १,५००, सोलापूरच्या फेऱ्या १,०००, फोन-औषधं १,५००, दशांश (मंडळीला द्यायचा दहावा भाग) २,४००. उरले ५,६००. घराच्या कर्जाचा हप्ता ७,००० असेल तर दर महिन्याला १,४०० ची तूट आहे, आणि डिपॉझिट वेगळंच. हा आकडा दिसला की प्रार्थनेचा विषयच बदलतो. म्हणून हिशेब प्रार्थनेच्या आधी करावा. त्यात अविश्वास नाही.

सल्ला तिघांचा पुरे. एक त्या कामातला, एक तुमचे दोष ओळखणारा, आणि एक असा की तुम्ही गेलात किंवा राहिलात तरी त्याचा फायदा-तोटा नाही. आपला कल आधी सांगू नका, नाहीतर लोक तोच परत करतात. पाळकसाहेबांना ‘साहेब, तुम्हीच सांगा’ म्हणू नये. शास्त्राशी काही विसंगत होत नाही ना, हे त्यांना तपासू द्या आणि सोबत प्रार्थना मागा.

प्रार्थनेला दहा दिवस ठेवा, वेळ रोजची एकच. याकोब १:५ मध्ये ज्ञान मिळेल असं वचन आहे, भविष्य कळेल असं नाही. रोज शेवटी वहीत एक ओळ लिहा, मन कुठे झुकतं आणि कशामुळे. एक दिवस उपास करा, पण मधुमेह असणाऱ्यांनी आणि गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताचा एक नियम इथे फार उपयोगी पडतो. मन उदास, कोरडं झालं असेल त्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. भांडणाच्या रात्री किंवा नापास झाल्याच्या आठवड्यात घेतलेले निर्णय बहुधा पळण्यासाठी घेतलेले असतात.

कंपनीच्या मुदतीच्या एक दिवस आधी उत्तर द्या. सांगताना ‘प्रभूने मला सांगितलं’ असं म्हणू नका, कारण त्यावर कुणी काही विचारूच शकत नाही. प्रेषितांच्या यरुशलेमच्या सभेनेसुद्धा आपला निर्णय कळवताना ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असं लिहिलं, आपला ‘आम्ही’ लपवला नाही.

निर्णय बरोबर असेल तर वाट सोपी होईल, ही अपेक्षा मात्र सोडावी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला पुढे पाच वर्षं लागली. आणि वाट खरंच बंद झाली तर परत येणं हा अविश्वास नव्हे. पौलाला आसियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि मासेदोनियाचा दृष्टान्त त्यानंतर झाला (प्रेषित १६:६-१०). तोवर तो चालतच होता.

जाणार असाल तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी पाळकसाहेबांकडून मंडळीचं पत्र (नव्या मंडळीत दाखवायचं सभासदत्वाचं पत्र) घ्या. खोली ठरवताना कंपनीचं अंतर पाहता तसं उपासनेच्या जागेचंही पाहा. पहिल्याच रविवारी तिथे जा. पहिला रविवार सामान लावण्यात गेला की दुसरा झोपेत जातो.