ऐकल्याशिवाय विकत नाही : आमच्या रेकॉर्डच्या दुकानाची वाटचाल

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं दुकान आहे. जुन्या रेकॉर्ड विकत घ्यायच्या, धुवायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग विकायच्या, हे आमचं काम. फैयाज खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्यांपासून (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) अमेरिकेतल्या डेट्रॉइट-मेम्फिसच्या सोल संगीताच्या ४५पर्यंत (४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड) सगळं आमच्याकडे मिळतं. बाहेरगावचं आणि परदेशातलं गिऱ्हाईक मात्र आम्हाला सोलसाठीच ओळखतं. गुजरातेत दुकान, घर मराठी आणि विकायचं काय, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साठ-सत्तरच्या दशकातलं संगीत! हे जमलं कसं, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

मूळ दुकान बाबांचं, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं. एचएमव्हीचे फिएस्टा, फिलिप्सचे प्लेअर, गॅरार्डचे चेंजर त्यांच्या टेबलावर कायम उघडे पडलेले असायचे. मशीन दुरुस्त झालं की त्यावर खाँसाहेबांची एक ठरलेली रेकॉर्ड लावायची आणि ती पूर्ण ऐकायची, मगच गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा. फैयाज खाँसाहेब बडोदा दरबारचे गायक, १९५० मध्ये याच शहरात गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं बाबांच्या लहानपणी गल्लोगल्ली होती. ७८च्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात रागाचा चेहरा दाखवायचा, बंदिश मांडायची, ताना घ्यायच्या आणि समेवर येऊन थांबायचं. बाबांचा कान अशा तीन-तीन मिनिटांवर तयार झाला होता. पुढे आमच्या धंद्याला जे वळण लागलं, त्याचं कारण मला तरी हा कान वाटतो.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि लोकांनी रेकॉर्ड किलोच्या भावाने रद्दीवाल्याला घातल्या. बाबांना ते बघवायचं नाही. दुरुस्तीच्या पैशांऐवजी ते रेकॉर्ड घ्यायचे. आई म्हणायची, घरात माणसांना जागा ठेवा. दुकान पुढे टीव्ही दुरुस्तीवर चाललं आणि माळा भरत गेला.

सोल आमच्या घरात आलं ते काकांमुळे. बाबांचे चुलतभाऊ एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल करून डेट्रॉइटला गेले होते. १९६५ मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांना तिकडचा रस्ता मोकळा झाला. बडोद्यातून त्या लाटेत कितीतरी जण गेले. काका मोटारीच्या कारखान्यात लागले. त्याच शहरात १९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. गॉर्डी स्वतः आधी मोटारींच्या असेंब्ली लाइनवर काम केलेले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात त्यांचा स्टुडिओ होता. काकांना गाण्याचा नाद. ज्यूकबॉक्समधून काढलेल्या वापरलेल्या ४५ तिकडे अगदी स्वस्तात मिळायच्या, त्या ते घेत राहिले. निवृत्तीनंतर काका-काकू तिथलं घर आवरून परतले, तेव्हा जहाजाने आलेल्या सामानात या रेकॉर्डच्या पेट्या होत्या. काकू बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडेच ठेवा, इथे धूळ खातील."

अमेरिकन ४५च्या मधोमध दीड इंचाचं मोठं भोक असतं आणि आपल्या प्लेअरला बारीक दांडी. बाबांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲक्रिलिकची चकती करून घेतली. ती चकती आजही आम्ही वापरतो. मग त्यांनी एकेक रेकॉर्ड लावायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द त्यांना निम्मेच कळत. पण अडीच-पावणेतीन मिनिटांत गाणं उभं करून थांबायची ती शिस्त त्यांच्या ओळखीची होती. बास गिटारवर त्यांचा विशेष जीव. मोटाउनच्या बहुतेक रेकॉर्डवर जेम्स जेमरसन वाजवायचे, तेही मुख्यतः उजव्या हाताच्या एकाच बोटाने. हे कळल्यावर बाबांनी त्याच बाजू पुन्हा लावल्या.

सोलचं मूळ चर्चमधल्या गाण्यात आहे. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून धरतात, तसं तिथे गाणारा हाक देतो आणि सगळी सभा उत्तर देते. सोलच्या प्रसिद्ध गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्याही रेकॉर्ड निघत आणि खपत. मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने एका जुन्या सिनेमा थिएटरात स्टुडिओ थाटला, उताराची जमीन तशीच ठेवून. त्या खोलीचा आवाज ऐकताक्षणी वेगळा कळतो. शहरात वर्णभेद उघड चालू असताना तिथल्या वाद्यवृंदात दोन गोरे आणि दोन काळे वादक शेजारी बसून वाजवत होते. मला या संगीताबद्दल जे प्रेम आणि आदर आहे, त्यात या गोष्टीचाही मोठा वाटा आहे.

धंदा म्हणून याकडे पाहिलं ते दादाने. इंटरनेटवर शोधताना त्याला कळलं की इंग्लंडच्या उत्तर भागात या संगीताचं वेड वेगळ्याच तऱ्हेने वाढलं होतं. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, पुढे १९७३ ते १९८१ विगन कसिनो, हे तिथले नाचाचे क्लब. कारखान्यांत राबणारी तरुण पोरं शनिवारी रात्रभर तिथे सोलवर नाचायची. त्यांना जलद ठेक्याची आणि कुणी न ऐकलेली गाणी हवी असायची. आता, अमेरिकेतल्या छोट्या लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी, आपल्या गावच्या रेडिओपुरत्या काहीशे प्रती काढलेल्या असत. गाणं चाललं नाही की मामला तिथेच संपायचा. नेमकी हीच पडलेली गाणी इंग्लंडमध्ये सोन्याच्या भावाने गेली. डीजे एकमेकांपासून नाव लपवायला लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहायचे. फ्रँक विल्सन यांची मोटाउनसाठी केलेली १९६५ची एक ४५ बाजारात येण्याआधीच नष्ट केली गेली, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या प्रती वाचल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली.

काकांच्या पेटीत तसलं काही नव्हतं. होत्या त्या मोटाउनच्या नेहमीच्या, आणि सोबत डेट्रॉइटच्याच गोल्डन वर्ल्ड, रिक-टिक अशा लहान लेबलांच्या. ही दोन्ही लेबलं पुढे मोटाउननेच घेतली. या छोट्या लेबलांच्या रेकॉर्ड दादाने एक-एक करून विकायला काढल्या आणि इंग्लंड, जपान, जर्मनीहून विचारणा येऊ लागली. पहिल्या विक्रीचे पैसे काकूंच्या हातात दिले. त्यांनी ते परत आमच्याच हातात ठेवले आणि चांगलं टर्नटेबल घ्यायला सांगितलं. आमचं भांडवल ते.

माल आता कुठून येतो? बडोद्यात घरटी एक नातेवाईक अमेरिकेत. तिकडचं घर बंद होतं, मुलांना रेकॉर्ड नको असतात, मग त्या इकडे येतात. प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतून, फतेगंजमधल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून, युनिव्हर्सिटीच्या जुन्या प्राध्यापकांकडून येतात. शुक्रवारी बाजारात दादाची फेरी असतेच. तिथले विक्रेते मला "बेन" म्हणतात आणि इंग्रजी लेबल दिसलं की आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. त्यांना आम्ही ठरल्या भावाने पैसे देतो, आणि चीज मोठी निघाली तर नंतर जाऊन वरचे पैसेही देतो. घरून विकत घेतानाही तसंच. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे घासाघीस करणं मला पटत नाही. कोणती रेकॉर्ड किमतीची आहे आणि का, ते आम्ही घरच्यांना आधी सांगतो, मग भाव बोलतो.

हातात ४५ आली की पहिल्यांदा दिव्याखाली तिरकी धरायची. लेबलनंतर पाहायची ती गाणं संपल्यावरची गुळगुळीत पट्टी. तिथे बारीक अक्षरात नंबर कोरलेले किंवा ठोकलेले असतात. बेल साउंडचा ठसा असेल तर मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रती छापतात ती मूळ तबकडी, न्यूयॉर्कला कापलेला. 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' हा ठसा दक्षिणेकडच्या कितीतरी सोल ४५वर सापडतो. छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्कच्या कारखान्यातली. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या नाचांसाठी नकली प्रती भरपूर निघाल्या. लेबल हुबेहूब, पण या पट्टीत फरक राहून जातो. ठसा हवा तिथे हाताने खरडलेला नंबर दिसला की आम्ही थांबतो आणि खात्रीच्या प्रतीशी पडताळून पाहतो. ही पट्टी वाचायला शिकणं म्हणजे या धंद्यातलं अर्धं शिक्षण.

मग नखाने कडेला हलकं टिचकवायचं. व्हिनाइल मऊ वाजतं, स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकचा आवाज कडक आणि टणटणीत. अमेरिकेत पुष्कळ ४५ स्टायरीनच्या निघत, कारण त्या साच्यात झटपट होत. दिसायला चकचकीत, पण जड सुईने पन्नास वेळा वाजली की आतून खरखर सुरू होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच नुसतं बघून 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नवी, असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडे प्रत्येक बाजू हेडफोन लावून पूर्ण ऐकली जाते, आणि कितव्या सेकंदाला टिक आहे, शेवटाला आवाज फाटतो का, हे कार्डावर लिहिलं जातं. दिसायला व्हीजी प्लस आणि ऐकायला त्याखालच्या प्रतीची, म्हणजे व्हीजी (व्हेरी गुड) असेल तर व्हीजीच लिहायचं आणि भावही तोच लावायचा. यात वेळ फार जातो, माल कमी निघतो. पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकलं आहे ते या कार्डामुळे.

७८च्या तबकड्यांचं तंत्र वेगळं. त्या शेलॅकच्या, म्हणजे आपल्याच जंगलातल्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिटचा बोळा फिरवला की रेकॉर्ड कायमची गेली. फक्त डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवणं. सुईही जाड लागते, ३ मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश. एलपीची सुई ७८च्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा कचराच जास्त ऐकू येतो.

बडोद्याच्या हवेचा त्रासही सांगायला हवा. उन्हाळ्यात गच्चीखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्ड वाकतात, पावसाळ्यात बुरशी धरते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतरच्या आठवड्यात लोक पिशव्यांमधून चिखलाने माखलेल्या रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरांचा लगदा झाला होता, आतले कागद तबकड्यांना चिकटले होते. व्हिनाइलला पाण्याने काही होत नाही, घात करते ती खाचेत वाळलेली माती. म्हणून त्या ओल्याच ठेवून, लेबलवर रबरी चकती दाबून, पाणी बदलत-बदलत आम्ही धुतल्या. वहिनी, मी, दादाची मुलगी, सगळे परातींभोवती बसलो होतो. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. बहुतेक रेकॉर्ड वाजल्या.

पॅकिंग वहिनीकडे आहे. ४५ कव्हरातून बाहेर काढून शेजारी ठेवायची, नाहीतर प्रवासात तबकडीची कड कव्हर फाडते. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, एकाच्या आतल्या नळ्या आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या. ७८ असेल तर खोक्यात खोकं आणि मध्ये चारी बाजूंनी भरण. एका कुरिअरवाल्याने एकदा मोठी ऑर्डर चेंगरून पोचवली आणि भरपाईसाठी महिनोन्‌महिने फिरवलं. तेव्हापासून मौल्यवान माल पोस्टानेच जातो.

सध्या आम्ही एक वही करतो आहोत. ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात परदेशी संगीतही छापलं जायचं. बीटल्सची गाणी जगात इतरत्र ४५वर निघत असताना आपल्याकडे ७८वरही निघाली आणि ती आज संग्राहक शोधत असतात. मोटाउनच्याही भारतीय छापाच्या प्रती हाती लागतात. त्यांची नीट यादी आमच्या पाहण्यात नाही. म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक भारतीय प्रतीचा लेबलचा रंग, नंबर आणि पट्टीतली अक्षरं आम्ही उतरवून घेतो, रेकॉर्ड विकत घेतली नाही तरी. दादाची मुलगी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवते आहे आणि पूर्ण झालं की ते सगळ्यांना फुकट बघता येईल.

तुमच्या माळ्यावर एखादी पेटी असेल तर कृपा करून आधी पुसू नका, स्पिरिट तर मुळीच लावू नका. कव्हर फाटलेलं असलं तरी टाकू नका, त्यावर दुकानाचा शिक्का किंवा नाव-तारीख असते आणि ती कामाची असते. रेकॉर्ड उभ्या ठेवून आहेत तशा आणा. विकायच्या नसतील तरी चालेल, आम्ही लावून दाखवू आणि नंबर वहीत उतरवून घेऊ. सोमवारी दुकान बंद असतं.