तुम्ही विचारलंत म्हणून : शेवटच्या रांगेत काय ऐकू आलं

इटलीहून परत आले त्याला आता वर्ष होईल. तरी अजून महिन्यातून दोन-तीनदा कुणी ना कुणी विचारतंच. कॉलेज रोडवर फिरायला निघाले की, लग्नाच्या पंगतीत, परवा बँकेत पासबुक भरून घेताना. "तुम्ही त्या ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांच्या, सहलीला गेला होतात ना? भाषा येत नाही, राग आपले नाहीत, ताल आपले नाहीत. मग त्यातलं कळलं काय?" उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं, नीट सांगायला हवं होतं.

माझं उत्तर अण्णांपासून सुरू होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरीला होते आणि नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. तेव्हा नाटक मंडळ्यांची कापडी थिएटरं गावोगाव फिरायची. आजोबा त्यांना घेऊन जायचे, तिकीट अर्थात शेवटच्या रांगेचं. अण्णा सांगायचे, "माईक नव्हता. पण नट असा आवाज लावायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याच कानाशी गातोय. तिकीट चार आण्यांचं, पण आवाज सोळा आणे मिळायचा."

मी नाटकं पाहिली ती कालिदास कलामंदिरात. माईक होतेच, शिवाय मागच्या रांगेत पंख्यांचा आणि कुरकुरीच्या पुड्यांचा आवाज. त्यामुळे अण्णांचं हे सांगणं मला मनातून कधी पटलं नाही. म्हातारपणी माणसाला लहानपणचं सगळंच मोठं दिसतं, असं वाटायचं. त्यांना तसं बोलून दाखवलं नाही एवढंच. ते गेले तेव्हाही माझा त्यावर विश्वास नव्हता.

आमच्या मोठ्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, पूर्वी पंचवटीत मुलींना पेटी शिकवायच्या. अण्णांचं आणि त्यांचं नाट्यपदांवरून फार जमायचं. त्यांनीच एक दिवस त्या सहलीचं पत्रक दाखवलं. सहा रात्री, एकच गाव, दोन प्रयोग, सोबत मराठी मार्गदर्शक. त्यात एक ओळ होती : रोमन काळातलं उघडं दगडी प्रेक्षागृह, दहा हजारांहून जास्त प्रेक्षक, आणि गायकांच्या तोंडाशी माईक नाही. वन्सं काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या बोटामुळे मी गेले, वन्संना घेऊनच.

गाव म्हणजे व्हेरोना, उत्तर इटलीतलं. गावाच्या मध्यावर पियाझा ब्रा नावाचा मोठा चौक आहे आणि चौकातच अरेना, म्हणजे ते दगडी प्रेक्षागृह. बांधकाम पहिल्या शतकातलं. १११७ च्या भूकंपात बाहेरची भिंत कोसळली, तिच्यातल्या चार कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या. आतली लंबगोल दगडी उतरंड मात्र शाबूत आहे. जोवान्नी झेनातेल्लो हा गायक याच गावचा. १९१३ साली व्हेर्दी या संगीतकाराच्या जन्माला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं त्यानं पुढाकार घेऊन १० ऑगस्टला इथे व्हेर्दीच्याच 'आयदा' या ऑपेराचा प्रयोग केला आणि नायकाची भूमिका स्वतः गायली. तेव्हापासून दोन्ही महायुद्धांचे आणि २०२० मधल्या कोविडचा असे खंड सोडले तर उन्हाळ्यात इथे ऑपेरा होत आला. २०२३ साली शंभरावा महोत्सव झाला.

खरं तर व्हेरोना मी आधीही पाहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर बारा दिवसांत सात देश केले, तेव्हा. बस थांबली, ज्युलिएटची बाल्कनी दाखवली, सव्वा तासात परत. अरेनाच्या भिंतीला टेकून मी आईस्क्रीम खाल्लं आणि आत काय होतं हे मला कुणी सांगितलं नाही. ती सहल वाईट नव्हती, पण आज तिच्यातलं मला बसच्या खिडकीपलीकडचं फारसं आठवत नाही. म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी हेच सांगते : एका गावात सहा रात्री राहायचे पैसे जास्त वाटले तरी द्या. संध्याकाळी तीच भाजीवाली, तोच पूल, तीच आदिजे नदी. तिसऱ्या दिवशी कॉफीवाला विचारायच्या आधीच आमच्यासाठी दूध गरम करायला घ्यायचा.

आम्ही अठराजण होतो, नाशिक, पुणे, मुंबई असे मिळून. बरोबर जी मार्गदर्शक मुलगी होती, तिनं पाश्चात्त्य गायनाचं शिक्षण घेतलेलं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारला हॉटेलच्या जेवणघरात ती तासभर आमची तयारी करून घ्यायची. आधी गोष्ट. मग चार जागा निवडून ऐकवायच्या आणि सांगायचं की इथे कान ठेवा. कोण कुणावर प्रेम करतं, कोण कुणाला फसवतं हे अगदी पाठ करून घ्यायची. आपल्याकडे सुभद्राहरणाची गोष्ट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, म्हणून 'सौभद्र' बघताना तो गोष्टीच्या मागे धावत नाही, गाण्याजवळ बसतो. आमचंही तसंच व्हावं, असा तिचा आग्रह होता. समूहानं गेल्याचा फायदा कुणी विचारला तर तिकिटं आणि व्हिसाच्या आधी मी हा चारचा तास सांगेन.

पहिल्याच दिवशी मी तिला माझा जुना प्रश्न विचारला. माईक नाही, समोर शंभराच्या आसपास वाद्यं, मग आवाज पोचतो कसा? तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती दगडी उतरंड. दुसरी, गळ्याची तालीम. अख्ख्या वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास एकवटलेला असतो. तालीम घेतलेला गायक घशातली पोकळी अशी घडवतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार येते. तिथे वाद्यं दुबळी असतात आणि माणसाचा कान सगळ्यात तल्लख. मग आवाज वाद्यांच्या वरून निघून जातो, त्यांच्याशी झगडत बसत नाही. वरच्या पट्टीतल्या गायिकांना मुळातली उंच पट्टीच साथ देते. वन्संनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जोर नाही, जागा." मुलीनं त्यांचा हातच धरला.

"ते लोक नुसते किंचाळतात" असं जे आपल्याकडे म्हटलं जातं, ते बहुधा मोबाइलवर ऐकून. दहा हजार माणसांत पोचण्यासाठी घडवलेला आवाज तळहाताएवढ्या डबीत कोंबला की टोचणारच. आपल्या गाण्यापासून हे वेगळं आहे, ते वेगळंच राहू द्यावं. आपला गायक-नट पद हातात घेऊन फुलवतो, आलाप घेतो, वन्समोअर आला तर वेगळ्या अंगानं गातो. तिथे लिहिलेला सूर बदलायचा नाही, सगळी कसब तो सूर कसा लावता यावर. आणि 'आयदा'त गद्य मुळी नाहीच, भांडणसुद्धा गाऊन.

पहिला प्रयोग 'नबुक्को'चा, हाही व्हेर्दीचाच ऑपेरा, होता आणि तो पावसानं नेला. हे आधी माहीत असू द्या. उघड्यावरचा खेळ आहे. दुसरा अंक संपता संपता चार थेंब पडले आणि डोळ्यांदेखत सगळे वादक व्हायोलिनं छातीशी धरून आत पळाले. वाद्यं लाकडी, म्हणून वादक पहिल्या थेंबालाच उठतात. सव्वा तास आम्ही प्लॅस्टिकचे रेनकोट घालून बसलो. मग घोषणा झाली की प्रयोग रद्द. खेळ एकदा सुरू झाला की पैसे परत मिळत नाहीत. बाबिलोनमधल्या कैद्यांचं ते प्रसिद्ध समूहगान तिसऱ्या अंकात येतं. इथले प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावतात आणि गायक म्हणतातही, हे आम्हाला दुपारीच सांगितलं होतं. आमचा वन्समोअर त्याच्यासाठी राखून ठेवलेला. तो तसाच राहिला. हॉटेलवर परत येताना कुणी बोलत नव्हतं, आणि मला अक्षरशः रडू आलं. एवढ्या लांब येऊन, म्हटलं.

मधले दिवस भराभर गेले. गार्डा सरोवर झालं. एक दिवस मांतुआला गेलो. आजही रंगमंचावर नेमानं होणारा सगळ्यात जुना ऑपेरा १६०७ साली तिथल्या राजवाड्यात झाला, मोन्तेवेर्दी या संगीतकाराचा. पण माझं लक्ष आभाळाकडे.

पाचव्या रात्री 'आयदा'. पत्रकात 'उत्तम आसनव्यवस्था' असं छापलं होतं, आणि हातात पडली ती वरच्या दगडी पायऱ्यांची तिकिटं, सगळ्यात स्वस्त, बिननंबरी. गटातल्या दोघांचा संताप झाला आणि तो रास्तच होता. पत्रकात पायऱ्या असं स्पष्ट लिहायला हवं होतं. तुम्ही जाल तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जागा कुठली ते लेखी विचारून घ्या. गुडघे दुखत असतील तर खाली खुर्चीचं तिकीट काढा, ते कितीतरी पट महाग असतं. पायऱ्यांवर बसणार असाल तर उशी भाड्यानं मिळते ती घ्याच, आणि दारं उघडल्याबरोबर आत जा. आम्ही साडेसातला चढलो. दगड दिवसभर तापलेला होता, वैशाखात रामकुंडाच्या पायऱ्या संध्याकाळीही तापलेल्या असतात तसा.

बसताना हात टेकला तर बोटांना काहीतरी वाटोळं लागलं. पाहिलं तर तांबूस दगडात गोगलगायीसारखं चक्र, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आमच्या देवघरात आजेसासऱ्यांचा शाळिग्राम आहे, त्याच्या पोटात हेच चक्र आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्राण्याचा अवशेष, इथेही आणि गंडकीतही. व्हेरोनाच्या दगडात असे जागोजाग आहेत. वन्संनी त्याला नकळत बोट लावून नमस्कार केला आणि त्याच्या शेजारी बसल्या, त्याच्यावर बसल्या नाहीत.

नऊनंतर सूर्य मावळला. अंधार पडायला लागला तसे पायऱ्यांवर छोट्या मेणबत्त्या पेटल्या. पूर्वी लोक त्या उजेडात संहिता वाचायचे, आता प्रथा म्हणून लावतात. वेषभूषा केलेली एक मुलगी रंगमंचावर आली आणि तिनं घंटेवर टोला दिला. वन्सं हळूच म्हणाल्या, "तिसरी घंटा."

विजययात्रेचं दृश्य म्हणजे लांबच लांब तुताऱ्या, शेकडो माणसं, मशाली. आयदाचं नाव काढलं की लोक तेच सांगतात. ते भव्य आहेच. पण भव्यता तर दिसते, ऐकू यायला वेगळं काही लागत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढे होता.

तिसऱ्या अंकात नाईलचा काठ, चांदणं. आयदा ही इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये दासी होऊन राहिलेली. आपला देश आता पुन्हा दिसायचा नाही, एवढंच ती गाते. आधी ओबो वाजतो, आपल्या सनईच्या जवळचा आवाज, आणि मग ती. रंगमंचावर ती मला जेमतेम बोटाएवढी दिसत होती. चेहरा दिसत नव्हता, ओठ दिसत नव्हते. वाद्यं अगदी हळू होती. आणि तिचा सूर आला तो माझ्या उजव्या कानाशी आला. मी दचकून वन्संकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि हात मांडीवर उपडा होता, पेटीवर ठेवतात तसा.

मग शेवट. एवढ्या मोठ्या खेळाचा शेवट दोन माणसांवर होतो. नायकाला जिवंतपणी तळघरात गाडलंय आणि आयदा आधीच तिथे येऊन लपली आहे. दोघं या भूमीचा निरोप घेतात. आवाज मोठा होत नाही, हळू हळू होत जातो. आमच्या शेजारी एक म्हातारं इटालियन जोडपं होतं. त्यातले आजोबा नुसते ओठ हलवत शब्द म्हणत होते, आवाज न करता. दहा हजार माणसं बसली होती आणि मेणबत्तीची वात तडतडल्याचं ऐकू येत होतं. त्या शांततेत तो शेवटचा बारीक सूर, जवळपास श्वासाएवढा, वरच्या पायरीपर्यंत पूर्ण आला. काही कमी झालं नाही त्यातलं.

तर, कळलं काय म्हणता? शब्द वीसेक कळले असतील, तेही दुपारी शिकवलेले. राग शोधायला गेले नाही. अण्णा खरं सांगत होते, हे कळलं.

टाळ्या संपल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पायऱ्या उंच, अंधार, माझा गुडघा धरलेला. वन्सं पुढे झाल्या, कोपराला धरून मला एकेक पायरी उतरवू लागल्या. मध्येच थांबून त्यांनी मागे वर पाहिलं, आम्ही बसलो होतो तिकडे.

"अण्णांसाठी तिकीट काढलं असतं तर तिथलंच काढलं असतं," म्हणाल्या.