खाली म्हणतायत, वर नेतोय

फोन आला तेव्हा मी बेळगावच्या शहापुरात एका लिफ्टच्या पिटातलं, म्हणजे तळाच्या खड्ड्यातलं, पावसाचं पाणी उपसत होतो. सरकारी घरकुलाची सात मजली बिल्डिंग, करंट गेलेला, लिफ्टमध्ये एकट्या आज्जी.

पोचलो तर तिसऱ्या मजल्यावर दोन पोरं पहार घेऊन दार फाकवायच्या तयारीत. आधी त्यांना हाणलं, तोंडानं. लिफ्टमध्ये नुसतं अडकून सहसा कुणी मरत नाही. दोन मजल्यांच्या मधे थांबलेल्या पिंजऱ्यातून उतरताना पाय घसरला, की माणूस खालच्या फटीतनं सरळ पिटात.

वर मशीनरूममध्ये मेन पाडला. हेल्पर हातचाकाला, मी ब्रेकच्या दांड्याला. खालून सगळे एकच ओरडतायत, "खाली सोडा, खाली!" हे लोकांना कधीच पटत नाही. आठ माणसांची लिफ्ट म्हणजे ५४४ किलोंचा भार. पलीकडच्या बाजूला जे वजन लटकतं ते रिकाम्या पिंजऱ्याएवढं, अधिक या भाराच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे आत चारेक माणसं असली तर तोल. आज्जी आणि रेशनचे तांदूळ मिळून साठ किलोसुद्धा नसतील. ब्रेक सोडला की पिंजरा आपोआप वरच सरकणार. वीतभर सोडायचा, धरायचा. परत वीतभर. दोरावरची पिवळी खूण जुळली की थांबायचं.

शाफ्टातून आवाज आला, "वर कुठं न्यायलालास रं मला? माझं घर दुसऱ्यावर!"

चौथ्यावर दार उघडलं. आज्जी पोत्यावर बसलेल्या. अलार्म का नाही दाबला विचारलं. "कुठला दाबू? सगळं कानडीत लिहिलंय." जन्म वडगावात मागावर गेला, कानडी फडाफडा बोलतात, पण वाचता येत नाही. हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं तर ही वेळच यायला नको होती. करंट गेला की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला लागते, दार उघडते. ती सोय तिथं आहे, फक्त बॅटऱ्या मेलेल्या. मी दोनदा लेखी कळवलं. ऑफिस म्हणतं रहिवाशांनी घालायच्या, रहिवासी म्हणतात ऑफिसनं. घरांच्या किल्ल्या वाटताना लिफ्टचा खर्च कुणाचा, हे कुणी काढलंच नाही.

पण मागच्या महिन्याच्या सर्व्हिस कार्डावर 'बॅटरी'पुढं बरोबरची खूण माझ्याच हातची आहे. रकान्यात आहे की नाही एवढंच विचारलेलं. होती की.

पोतं खांद्यावर घेऊन दोन मजले उतरलो. आज्जी पुढं, कठडा धरून. दारात म्हणाल्या, "चहा घेऊन जा." काम आहे म्हटलं. काम काही नव्हतं.