पेल्यातलं तापमान आणि उलटलेला निकाल

नाशिकच्या एका हॉटेलची वाइन-यादी नव्याने करायची होती. सहा व्हाइट, सहा रेड, सगळ्या नाशिक परिसरातल्या. काम सोपं वाटत होतं, पण दुपारपर्यंत सकाळचे गुण पार उलटले, म्हणून हे सविस्तर लिहितो.

चाखायला सकाळी दहा-अकराची वेळ चांगली. जिभेवर जेवणाची चव नसते. लॉबीतली अगरबत्ती आधी विझवायला लावली आणि टेबलावरचे निशिगंध उचलायला सांगितले, कारण असल्या वासात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन व्हाइट वाइनमधला फरकसुद्धा पुसला जातो. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर आकडे टाकले. गुंडाळणाऱ्याने गुण द्यायचे नाहीत, हा नियम. एकाच आकाराचे निमुळत्या तोंडाचे पेले, प्रत्येकात साधारण 50 मिली. आधी व्हाइट, मग रेड. हलक्या आधी, भारदस्त नंतर. गोडसर सगळ्यांत शेवटी.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. मग न हलवता एकदा वास, हलवून पुन्हा वास. घोट तोंडात दहा सेकंद खेळवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची आणि थुंकायचं. बाराही वाइन गिळत गेलं तर सातव्या पेल्यापासून कुणालाही नीट निवाडा करता येत नाही.

पहिल्या फेरीत तीन नंबरची सोव्हिन्यों ब्लाँ सर्वांत वर आली. स्वच्छ, चुरचुरीत, आंबटपणा धारदार. रेडमध्ये पाच नंबरची शिराझ तळाला गेली: नाकात नुसता अल्कोहोल, फळ शिजल्यासारखं, शेवट जड.

मला खटकलं ते बाटल्यांचं तापमान. व्हाइट थेट फ्रीजरशेजारून आल्या होत्या, थर्मामीटरवर 4 अंश. रेड स्वयंपाकघरालगतच्या कपाटातून आल्या होत्या आणि एप्रिलचा महिना, म्हणजे 30 अंश. ‘रेड खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. आपल्याकडे तो शब्दशः पाळला की अल्कोहोल उसळतो आणि बाकी सगळं दबतं. अति थंडीने उलट होतं: वास मिटतो, आंबटपणा आणि तुरटपणा पुढे येतो, दोष लपतात.

म्हणून दुसरी फेरी घेतली. रेडच्या बाटल्या अर्धा बर्फ, अर्धं पाणी असलेल्या बादलीत बुडवल्या. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, पाणी असलं की बाटली लवकर गार होते. दहा-बारा मिनिटांनी थर्मामीटर 17 दाखवू लागला. व्हाइट 10 अंशांपर्यंत चढू दिल्या.

पाच नंबरची शिराझ ओळखू येईना. काळी मिरी, जांभळासारखं गडद फळ, मऊ तुरटपणा. ती पहिल्या क्रमांकावर गेली. तीन नंबरच्या सोव्हिन्योंतून मात्र ठेचलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला, घशात कडवटपणा रेंगाळला. रंग पुन्हा पाहिला तर हिरवट छटा जाऊन पिवळेपणा तपकिरीकडे झुकलेला. कोवळ्या व्हाइटमध्ये हे हवा लागल्याचं लक्षण. ती बाद केली.

रेडच्या दोन नंबरने वेगळाच पेच टाकला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओलसर तळघराचा वास आणि फळ जवळजवळ नाहीसं. हा बुचाचा दोष. बुचातली बुरशी क्लोरीनयुक्त रसायनांपासून ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार करते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंसं त्याचं प्रमाणही वाइन बिघडवायला पुरतं. आरोग्याला अपाय नाही, पण हवा देऊन तो वास जात नाही. मात्र यावरून वाइन नाकारू नये. त्याच बॅचची दुसरी बाटली फोडली, ती निर्दोष निघाली आणि यादीत गेली. नमुने मागवताना प्रत्येकी दोन बाटल्या मागवाव्यात त्या याचसाठी.

एका बाटलीचं बूच मात्र वर सरकलेलं होतं आणि आवरणाखाली चिकट ओघळ होता. ही उन्हात तापलेली बाटली. अशी माल उतरवतानाच परत करावी. बुचाला चिकटलेले काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे असतात, निरुपद्रवी.

शेवटची निवड हॉटेलच्या जेवणाकडे पाहून केली. मसालेदार रश्श्यासोबत तुरट, जास्त अल्कोहोलची रेड तिखटपणा भडकवते, म्हणून किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घेतली. शिराझ तंदुरी मटणासाठी. बुचाच्या बाटल्या आडव्या, उजेडापासून दूर, 12 ते 14 अंशांच्या कपाटात ठेवायच्या. व्हाइट वाढण्याआधी आणखी गार करायच्या. माल एका वेळी महिन्याभराचाच मागवायचा, असं ठरलं.