मक्याच्या कण्या

“अजून दाणा दाताखाली येतोय,” शेजारच्या आजींनी चमचाभर चाखून सांगितले, तेव्हा ग्रिट्स, म्हणजे भरड दळलेला पांढरा मका, शिजत ठेवून अर्धा तास उलटला होता. एका वाटीला चार वाट्या पाणी, मंद आच आणि तळाशी लागू नये म्हणून सतत फिरणारा लाकडी चमचा.

लोणी आणि चेडर चीज घालून त्यावर परतलेली कोळंबी वाढली, तेव्हा आजींनी सहज विचारले, “तुमच्याकडे असं काही करतात का?”

मूळनिवासी मस्कोगी लोकांच्या मक्यातून आलेल्या या साध्या अन्नाला अमेरिकेतल्या जॉर्जियाने २००२ मध्ये राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला. आणि मी मात्र आईच्या ताकातल्या ज्वारीच्या कण्या अटलांटातल्या इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याच्या पानात वाढलेल्या नाहीत.

तुम्ही कधी वाढल्या आहेत का?