लास वेगासमधील खुर्च्या आणि टक्केवारी

लास वेगासला आम्ही गेलो ते ग्रँड कॅन्यनसाठी. त्या दरीविषयी एवढेच लिहितो की ती पाहून परतताना बसमध्ये बराच वेळ कोणी कोणाशी बोलले नाही, आणि तिची वर्णने इतरांनी माझ्याहून पुष्कळ चांगली केली आहेत. हूव्हर धरणही पाहिले. ऊन फार होते. मला लिहायचे आहे ते या दोन्हींच्या मधल्या संध्याकाळींविषयी, ज्या मी माझ्या मेहुण्यांसोबत कॅसिनोच्या टेबलांवर छापलेला मजकूर वाचत घालवल्या. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यावर माणसाला मनोरंजनाची जी विचित्र साधने उरतात, त्यांपैकी हे एक समजावे.

कॅसिनो लोकांना फसवतो म्हणून श्रीमंत होतो, हा समज मला कधीच पटला नव्हता, आणि तिथे जाऊन तो उरलासुरलाही गेला. प्रत्येक खेळात जिंकणाऱ्याला त्याच्या जोखमीच्या मानाने किंचित कमी पैसे दिले जातात, आणि लावलेल्या दर शंभर डॉलरमागे दीर्घकाळच्या सरासरीने जेवढे डॉलर त्यामुळे मागे राहतात, तेवढा कॅसिनोचा वाटा असतो. हा वाटा काही खेळांत अर्धा टक्का असतो, काहींत पंचवीस टक्क्यांच्या पुढे जातो, आणि तरीही हे दोन्ही प्रकारचे खेळ एकाच छताखाली, एकाच प्रकाशात, जणू ते एकाच भावाचे असावेत अशा थाटात मांडलेले असतात. माझी चीड आहे ती या थाटाची.

विमानतळावर सामान येण्याच्या आधीच स्लॉट मशीन, म्हणजे पैसे घालून चित्रे जुळण्याची वाट पाहायची जुगाराची यंत्रे, दिसतात. हॉटेलमध्येही खोलीकडे नेणारी लिफ्ट गाठायची तर सामान ओढत कॅसिनोतूनच जावे लागते. दुसरी वाट मुद्दामच ठेवलेली नसते. घड्याळ नाही, खिडकी नाही, सिगारेटचा धूर मात्र आहे, कारण इथल्या नेवाडा राज्यात कॅसिनोत धूम्रपानाला अजूनही परवानगी आहे. खोलीच्या भाड्यावर रोज वेगळी ‘रिसॉर्ट फी’ आकारण्यात आली, ती कशाबद्दल होती ते मला शेवटपर्यंत समजले नाही. या सगळ्यात खरोखर आरामशीर अशी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे स्लॉट मशीनसमोरची खुर्ची. रुंद, मऊ, पाठीला नीट आधार देणारी आणि गोल फिरणारी अशी ती खुर्ची. मेहुणे तिच्यात बसले आणि म्हणाले, “भाऊजी, मी इथेच बरा आहे. तुम्ही तुमचे वाचन करून या.”

स्लॉट मशीनवर वाचण्यासारखे काही नसते, हीच त्याची खुबी आहे. नेवाडाच्या नियमानुसार या यंत्रांनी लावलेल्या रकमेपैकी दीर्घ सरासरीने किमान ७५ टक्के रक्कम परत दिली पाहिजे, आणि प्रत्यक्षात यंत्रे त्याहून बरीच अधिक देतात. पण समोरचे यंत्र नेमके किती देते, हे त्याच्यावर कुठेही लिहिलेले नसते. शेजारी शेजारी उभी असलेली, एकाच चित्राची आणि एकाच संगीताची दोन यंत्रे वेगवेगळ्या टक्केवारीवर बसवलेली असू शकतात. बाकीच्या टेबलांवर खेळणाऱ्याने मनात आणले तर कागद-पेन्सिल घेऊन कॅसिनोचा वाटा काढता येतो; इथे तो मार्गच बंद आहे.

रूलेटच्या, म्हणजे गोटी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैज लावण्याच्या खेळातल्या, चाकाचे तसे नाही. तिथे सगळे उघड आहे, आणि मला सर्वांत जास्त राग आला तोही तिथेच. युरोपातल्या चाकावर १ ते ३६ हे आकडे आणि एक शून्य असते. अमेरिकेतल्या चाकावर पूर्वापार दोन शून्ये असतात. आमच्या हॉटेलातल्या मुख्य दालनातील चाकावर तीन होती. एका आकड्यावर जिंकल्यास मिळणारी रक्कम मात्र तिन्ही चाकांवर तीच, म्हणजे एकास पस्तीस, शिवाय लावलेला डॉलर परत. कोणी प्रत्येक घरावर एकेक डॉलर ठेवला असे समजा. एका शून्याच्या चाकावर ३७ डॉलर जातील आणि ३६ हातात येतील. दोन शून्यांवर ३८ जातील, ३६ येतील. तीन शून्यांवर ३९ जातील आणि येतील पुन्हा ३६च. कॅसिनोचा वाटा अनुक्रमे २.७०, ५.२६ आणि ७.६९ टक्के. मोनॅको आणि फ्रान्समधील काही टेबलांवर, लाल-काळा किंवा सम-विषम यांवर लावलेली रक्कम शून्य आल्यास अर्धी परत मिळते आणि त्या पैजांवरील वाटा १.३५ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे तोच खेळ, तीच गोटी, आणि किंमत जवळजवळ सहापट. त्या तीन शून्यांच्या चाकाभोवती दाटी होती, आणि सगळ्यांच्या नजरा मागे येऊन गेलेले आकडे दाखवणाऱ्या फलकावर खिळल्या होत्या. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोला काळा रंग सलग २६ वेळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणत लोकांनी लाखो फ्रँक गमावले, ही कथा प्रसिद्ध आहे. तरी तो फलक अजून लावतात, आणि लोक अजून वाचतात. चाकावरची शून्ये मोजताना मला कोणी दिसले नाही.

ब्लॅकजॅकच्या, म्हणजे एकवीसच्या पुढे न जाता त्याच्या जवळ पोहोचण्याच्या पत्त्यांच्या खेळाच्या, टेबलावर बोधवाक्यासारखी एक ओळ छापलेली असते. ती जुन्या रिवाजाप्रमाणे ‘तीनास दोन’ (म्हणजे दोनावर तीन) असेल, तर एक्का आणि दहाच्या मोलाचे पान एकदम आल्यावर दहा डॉलरवर पंधरा मिळतात. ती ‘सहास पाच’ (पाचावर सहा) असेल तर बाराच. नवख्या माणसाला सहा आणि पाच हे तीन आणि दोनपेक्षा मोठे आकडे वाटतात, आणि ते तसे वाटावेत अशीच ती छपाई असावी, अशी मला शंका आहे. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, त्यामुळे एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. ज्या खेळात नीट विचार करून खेळणाऱ्याला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच किंमत पडत असे, तो यामुळे दोन टक्क्यांजवळ जाऊन पोहोचतो. कोणत्या हातावर पान घ्यावे आणि कोणत्यावर थांबावे, याची पद्धतशीर मांडणी चार अमेरिकन सैनिकांनी साध्या गणनयंत्रांवर करून १९५६ मध्ये एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. आज तोच तक्ता छोट्या कार्डावर छापून हॉटेलच्या दुकानांत विकतात, आणि तो हातात धरून खेळायलाही सहसा कोणी हरकत घेत नाही. मी पाने वाटणाऱ्या डीलरला विचारले की तीनास दोनचे टेबल आहे का. त्याने अतिशय सौजन्याने पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवले. तिथली किमान पैज चौपटीहून अधिक होती.

दाराजवळच एक मोठे उभे चाक होते, जत्रेत असते तसे, ५४ खाचांचे. ते चालवणारी बाई इतकी हसतमुख होती की तिच्याशी गणित बोलणे मला असभ्यपणाचे वाटले. एक डॉलरच्या चिन्हाच्या २४ खाचा आणि त्यावर मिळणार एकास एक, म्हणजे चोपन्न वेळा एकेक डॉलर लावला तर ४८ परत, वाटा ११.११ टक्के. जोकरची एकच खाच आणि त्यावर मिळणार एकास चाळीस. वाटा २४ टक्क्यांच्या वर. संपूर्ण दालनात याहून महाग असा केनो हा लॉटरीसारखा आकडे निवडण्याचा खेळच उरतो, जिथे तो पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि लोक आरामात बसून, पाय पसरून खेळतात. तोवर माझ्या मनात एक नियम तयार होऊ लागला होता, की जिथे बसायला अधिक सुख आणि बोलायला अधिक गोड, तिथे वाटा मोठा.

त्या नियमाची खातरजमा फ्रीमाँट स्ट्रीटवर झाली. झगमगाटाचा जो भाग सगळे लास वेगास म्हणून ओळखतात, तो कायद्याने त्या शहराच्या हद्दीतच येत नाही. फ्रीमाँट स्ट्रीट मात्र खऱ्या जुन्या शहरात आहे. रस्त्यावर अखंड पडद्याचे छत आणि त्यावर असह्य आवाजाची चित्रे, पण आतल्या कॅसिनोंत किमान पैजा तुलनेने लहान. तिथे मी पहिल्यांदा क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या खेळाच्या, टेबलाजवळ थांबलो. या टेबलाला खुर्चीच नसते. माणसे कठड्याला रेलून दाटीवाटीने उभी असतात, ओरडतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, आणि हिरव्या कापडावर एवढे रकाने आखलेले असतात की परीक्षेची उत्तरपत्रिका बरी. मी काहीसा बिचकूनच उभा होतो. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी, मी काहीही विचारलेले नसताना, कोणती रेघ म्हणजे काय हे हळू आवाजात समजावायला सुरुवात केली.

पहिल्या फेकीत सात किंवा अकरा आले तर जीत, दोन, तीन किंवा बारा आले तर हार. दुसरे काही आले तर तोच आकडा सातच्या आधी पुन्हा यायला हवा. या ‘पास’ रेघेवरच्या दर ४९५ पैजांपैकी सरासरी २४४ जिंकतात आणि २५१ हरतात, म्हणजे कॅसिनोचा वाटा १.४१ टक्के. उलट बाजूने लावल्यास तो १.३६ होतो, पण मग फासे फेकणाऱ्याच्या पराभवावर पैज लावल्यासारखे होते आणि आजूबाजूचे लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. पाच शतांश टक्क्यासाठी मी ते सहन करणार नाही. एवढे सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी माझी चिप (पैशांऐवजी लावतात ती चकती) रेघेवर असतानाच तिच्या मागे, जिथे कापडावर काहीच छापलेले नव्हते अशा जागी, आणखी चिप्स ठेवायला सांगितल्या. ही पुरवणी पैज. ठरलेला आकडा चार किंवा दहा असेल तर तिच्यावर एकास दोन मिळतात, पाच किंवा नऊ असेल तर दोनास तीन, आणि सहा किंवा आठ असेल तर पाचास सहा. मी मनात हिशेब केला: सहा येण्याचे पाच मार्ग, सात येण्याचे सहा. पाचास सहा हाच अगदी न्याय्य भाव. कॅसिनोचा वाटा शून्य. ब्लॅकजॅकच्या टेबलावर ज्या सहा आणि पाचने मला संताप आणला होता, तेच दोन आकडे इथे काट्यावर तोलून दिलेले होते.

सगळ्या दालनात, प्रत्येक टेबलावर, तोट्यातली प्रत्येक पैज रंगीत अक्षरांत छापलेली आहे, आणि जी एक पैज खेळणाऱ्याकडून काहीच घेत नाही, तिच्यासाठी कापडावर चौकटसुद्धा नाही. ती आहे हे शेजारच्याने सांगितले तरच कळते. तिला मर्यादाही असते. त्या टेबलावर आकड्यानुसार मूळ पैजेच्या तीन, चार किंवा पाच पटींपर्यंत लावता येत होते, आणि तेवढी पुरती लावली तर एकूण रकमेवरचा वाटा ०.४ टक्क्याच्याही खाली येतो. इकडे लांब काठीने फासे सरकवणारा माणूस मात्र मधल्या भागातल्या पैजांचा सारखा पुकारा करत होता. ‘पुढच्या फेकीला सात’ या पैजेवर एकास चार मिळतात, मिळायला हवेत पाच, वाटा १६.६७ टक्के. एकाच टेबलावर, हाताच्या अंतरावर, शून्य टक्के आणि सतरा टक्के नांदत असतात, आणि पुकारा होतो तो सतराचा. त्या अनोळखी गृहस्थांचा आदरातिथ्याचा भाव मला त्या संपूर्ण शहरात दुसऱ्या कोणाकडे आढळला नाही, आणि त्यांना त्याचे काही मिळणारही नव्हते.

परतल्यावर मेहुण्यांना मी उत्साहाने तासाचा हिशेब मांडून दाखवला, कारण नुसती टक्केवारी पुरेशी नसते. तासाला किती वेळा पैज लागते हेही पाहावे लागते. पंधरा डॉलरची ‘पास’ पैज तासाला तीसएक वेळा निकाली निघते, म्हणजे सरासरी खर्च सहा-साडेसहा डॉलर. त्याच पंधरा डॉलरनी दोन शून्यांच्या रूलेटवर चाळीस फेऱ्या खेळल्यास साधारण साडेएकतीस, तीन शून्यांवर सेहेचाळीस. त्यांच्या यंत्रावर ‘एक सेंट’ असे लिहिलेले असले तरी प्रत्येक फेरीला साठ सेंट जात होते, तासाला पाचशे फेऱ्या सहज होतात, आणि दहा टक्के वाटा धरला तरी तीस डॉलर. मेहुणे शांतपणे म्हणाले, “तीस डॉलरमध्ये तासभर बसायला मिळते आणि पेयही आणून देतात. तुमच्या त्या टेबलाशी दोन तास उभे राहून तुमचे पाय दुखताहेत ना?” पाय दुखत होते, हे खरे होते. तरीही माझे म्हणणे असे की बसण्याचे भाडे घ्यायचे तर ते खुर्चीवर लिहावे.

शेवटच्या रात्री आम्ही मोठ्या पैजांच्या खोलीत डोकावलो. तिथे धूर नव्हता, आवाज नव्हता, आणि रूलेटच्या चाकावर एकच शून्य होते. शेजारी बॅकारा हा पत्त्यांचा खेळ चालला होता, ज्यात ‘बँकर’ आणि ‘प्लेयर’ या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैज लावतात. त्यात ‘बँकर’वर पाच टक्के कमिशन कापूनही वाटा १.०६ टक्के आणि ‘प्लेयर’वर १.२४ टक्के असतो. बरोबरीच्या पैजेवर मात्र तो १४ टक्क्यांच्या वर जातो. खुर्च्या बाहेरच्यांहून मऊ होत्या, त्यामुळे माझा नियम तिथे टिकला नाही. नेवाडाच्या नियामक मंडळाच्या मासिक अहवालांतही हेच दिसते, की एक सेंटची यंत्रे लावलेल्या रकमेतून डॉलरच्या यंत्रांपेक्षा ठळकपणे मोठा हिस्सा ठेवून घेतात. ज्याच्याकडे लावायला कमी, त्याच्याकडून टक्केवारी जास्त. अर्थात त्या खोलीत किमान पैज शंभर डॉलर होती, आणि एका शून्याच्या चाकावर चाळीस फेऱ्यांचा हिशेब १०८ डॉलर होतो. मेहुण्यांनी तो माझ्याआधी केला आणि दारातूनच मागे वळले.